तुमच्या स्टेडियममध्ये, सलीमचाचांबरोबर

प्रिय अब्बा,

काल मी तुमच्या स्टेडियममध्ये जाऊन आले. जेद्दाच्या कॉलेजचं ते जुनं फुटबॉल मैदान आता पाडणार आहेत. त्याआधी तीन दिवस कुणालाही आत जाऊन पाहता येत होतं. परवा शुक्रवारी भाई रियाधहून येतोय आणि मला त्याला एक गोष्ट सांगायची आहे. ती आधी तुम्हाला सांगायला हवी, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन सव्वा वर्ष झालं. इतका उशीर का, असं विचाराल तर उत्तर एकच आहे. भीती वाटत होती.

ते मैदान पाहण्याआधीच मला पाठ होतं. इकाम्याचं, इथे राहण्याच्या त्या परवान्याचं, काहीतरी अडकलं होतं म्हणून तिसरीपर्यंत माझं शाळेत नाव लागलं नाही, आणि ड्युटीवरून आलात की तुम्हीच मला घरी शिकवायचात. फरशीवर खडूने मैदान काढायचात. वर्तुळ, त्रिज्या, काटकोन मी त्यावरच शिकले. मैदानाच्या चार कोपऱ्यांतले दिव्यांचे खांब तुम्ही सांभाळता, याचा मला केवढा तोरा होता.

आणखीही एक शिकवलंत. फॉर्ममधला एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, कुणी विचारलं तर खरं आणि पूर्ण सांगायचं. पण अब्बा, तुमच्या इकाम्यावर ड्रायव्हर लिहिलंय आणि तुम्ही वायरमनचं काम करता, हे कुठे बोलायचं नसतं, एवढं का नाही सांगितलंत?

बायकांना स्टेडियममध्ये सोडायला लागले तेव्हा तुम्ही म्हणालात, "एखाद्या सकाळी तुला घेऊन जातो, मॅच नसताना. गेटवरचे सगळे आपल्या ओळखीचे आहेत." मी तेव्हा सतरा वर्षांची होते. ओळखीने आत शिरायचं म्हणजे काहीतरी चुकीचं, असं माझ्या मनाने घेतलं. तुम्ही कामावर असताना मी कॉलेजच्या ऑफिसला फोन लावला. तिथे काम करणाऱ्या वडिलांबरोबर आत आलेलं चालेल का, असं विचारलं. तिकडच्या माणसाने तुमचं नाव विचारलं, इकामा नंबर विचारला. कपाटातली कॉपी काढून मी सगळं वाचून दाखवलं. पेशा, ड्रायव्हर, हेसुद्धा. ते त्याने विचारलंही नव्हतं.

"ड्रायव्हर?" तो म्हणाला. "मग हा इथे लाइटवर काय करतो?"

मी फोन ठेवला. पंधरा दिवसांत ठेकेदाराने तुम्हाला दूर उत्तरेला हफ्र अल बातिनला पाठवलं. इकाम्यावर लिहिलंय तेच काम करायचं, गाडी चालवायची.

चुगली कुणी केली, यावर घरात बोलणं झालं. तुम्ही म्हणालात, "सलीमशिवाय कुणाला ठाऊक होतं?" दापोलीचे सलीमचाचा, नऊ वर्षं तुमच्याबरोबर त्याच खांबांवर काम केलेले. त्यांना तुमच्या जागी मेव्हण्याला लावायचं असणार, असं अम्मी म्हणाली, आणि मग सगळ्यांनी तेच खरं धरलं. मी तिथेच पोळ्या लाटत होते. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले.

चार वर्षं तुम्ही त्यांचा फोन उचलला नाहीत. तुमचा जनाझा हफ्रलाच उठला. चाचा जेद्दाहून बसने तिथवर आले, आणि भाईने त्यांना खांदा देऊ दिला नाही. भाईने हे घरी येऊन अभिमानाने सांगितलं. तेव्हाही मी गप्पच होते.

काल सकाळी हॉस्पिटलमधल्या नोकरीवर सुट्टी टाकून मी चाचांना फोन केला. माझं नाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "तीन नंबरच्या गेटवर ये. इकामा घेऊन ये."

गार्डने माझा इकामा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. चाचा पलीकडून म्हणाले, "यल्ला, चल, ऊन चढतंय."

अब्बा, तुमचं मैदान माझ्या मनातल्यापेक्षा लहान आहे. पायऱ्यांचा निळा रंग पोपडे धरून सुटलाय. चाचांनी मला एका खांबाखाली नेलं. "तुझा बाप वर चढला की खालच्याला शिव्या घालायचा," ते म्हणाले, "आणि खाली उतरला की त्यालाच चहा पाजायचा. मी नऊ वर्षं खालचाच."

ते हसले. मला हसता येईना.

"चाचा, ऑफिसला फोन मी केला होता."

"कुठला फोन?"

मी सगळं सांगितलं. ते पायरीवर बसले, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुझ्या बापाला, रशीदला, कळलं होतं?"

"नाही."

"म्हणजे माझ्यावरचा राग घेऊनच गेला."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडू नको, लोक बघतायत." मग मैदानाकडे बघत म्हणाले, "सतराची पोर होतीस, तेव्हाचं सोडून देतो. पण मी हफ्रच्या स्टँडवर उतरलो तेव्हा तू एकवीसची होतीस ना?"

"हो."

टोपी परत डोक्यावर घालून ते उठले. तरीही त्यांनी मला सगळं दाखवलं. स्विचरूम, तुम्ही डबा खायचात ती सावली, खेळाडू बाहेर येतात तो बोगदा. तुम्ही दाखवणार होतात तसंच, एकेक करून. गेटवर मी म्हटलं, "घरी या ना, चाचा."

"आधी घरात सांग," ते म्हणाले. "बोलावणं तुझ्या भाईकडून आलं तर येईन."

तुम्ही असतात तर मला काय म्हणाला असतात? मला खरंच ठाऊक नाही. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण चार वर्षं एका माणसाशी न बोलता राहिलात. मी सांगितलं असतं तर कदाचित माझ्याशीही बोलला नसतात. त्या भीतीची किंमत चाचांनी दिली.

शब्द देते, अब्बा. शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून भाई आला की त्याला आणि अम्मीला समोर बसवून सांगेन. तुमच्या शिकवण्याचं निमित्त पुढे करणार नाही, वयाचंही नाही. भाई ओरडेल. अम्मी कदाचित बोलायचीच थांबेल. त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत मी तिथून उठणार नाही, आणि मग चाचांचा नंबर लावून फोन भाईच्या हातात देईन.

तुमची मुलगी,
रुकय्या