फाट्यावरचा दगड

१४ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

ताईचे आशीर्वाद. नको असतील तर परत पाठव, पण पत्र पूर्ण वाच.

इकडे सगळं बरं. आईचे गुडघे कुरकुरतात, त्याहून जास्त ती कुरकुरते. बाबा निवृत्त झाल्यापासून घरातच साहेबगिरी करतात. तुझ्या खोलीत माझं शिलाई मशीन ठेवलंय, रागावू नकोस.

आजोबांनी आखलेल्या डोंगरवाटेला त्यांचं नाव देणार आहेत. रविवारी पाटी लागेल. म्हणून काल वर जाऊन आले. पिवळ्या खुणा अजून शाबूत आहेत. प्रत्येक दगडाला दोन पट्टे मारायला लावायचे, आठवतं? एक चढणाऱ्याला दिसेल असा, एक उतरणाऱ्याला. आपण कंटाळलो की म्हणायचे, "चढणारा हौसेनं जातो, त्याला वाट सापडते. उतरणारा दमलेला असतो. त्याचा पट्टा जास्त नीट मारा."

बरं, आता किती इकडचं तिकडचं लिहू?

फाट्यावरच्या दगडाचा मागचा पट्टा राहिला. उतरताना आजोबा धुक्यात तिथेच चुकले, घसरले, पायानं कायमचे अधू झाले. बाबा तुला म्हणाले, "एक काम धड करत नाहीस!" आणि तू घर सोडलंस. बारक्या, तो दगड माझ्या वाटणीचा होता. बोटं गारठली, मी रंगाचा डबा बंद केला आणि खाली येऊन "झालं सगळं" म्हणाले. तुला बोलणी बसत होती तेव्हा चकार शब्द काढला नाही. नऊ वर्षं.

आजोबांना शेवटी सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हाच कळलं होतं. समोरचा पट्टा डावखुऱ्या हाताचा होता, म्हणजे तुझ्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. चुकलंच माझं. आता त्याला सांग."

त्यांना जाऊन आठ महिने झाले. मी भित्री ती भित्रीच.

काल रात्री बाबांना सांगितलं. ते ताटावरून उठले. सकाळी आईला विचारत होते, "त्याला कुठल्या तोंडानं फोन करू?" करतील. उचल रे.

तो मागचा पट्टा नंतर आजोबांनीच दोन काठ्यांवर जाऊन, खाली बसून मारला होता. म्हणून फार खाली आहे. आता फिका पडलाय. काल रंग नेला होता, पण एकटीचा हात उचलेना. मला माफ कर असं म्हणायचा हक्क नाही, तरी म्हणते. रविवारी आलास तर दोघं मिळून मारू. नाही आलास तर मी एकटी मारीन, पण या वेळी नक्की मारीन.

तुझी,
अजून म्हणत असलास तर,
ताई