फोटोला मधोमध घडी

प्रिय भिंगरी,

पाकीट बघून घाबरू नकोस. इकडे सगळे ठणठणीत आहेत. तुझ्या बाबांचा खोकला गेला, माझा गुडघा आहे तसाच आहे, आणि आपल्या जिन्याला असा काही हिरवा रंग फासलाय की वर चढताना औषधाच्या बाटलीत शिरल्यासारखं वाटतं. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर मी मुद्द्यावर यायला लागले की नेमकं तेव्हाच तुझ्याकडे दूध उतू जातं. शिवाय व्हिडिओ लावलास तरी दाखवतेस काय, तर छत! ठकी दिसते, तिची खेळणी दिसतात, जावईबापूंची पाठ दिसते, आणि तू बोलायला लागलीस की पंखा. तुमच्या छताच्या कोपऱ्यात ओल आलीये आणि ती पसरतेय, तेवढं बघून घ्या. ठकी झाली त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी तू उठलीस, पण तुझा अर्धा चेहरा काही उठला नाही. तेव्हापासून तू कुणाच्याच कॅमेऱ्यासमोर आलेली नाहीस. यावर आपण दोघी कधी धड बोललोच नाही. आज मी बोलणार आहे. पण सावकाश. आधी माझी फजिती ऐक, म्हणजे तुझं मन जरा सैल होईल.

दुकान बंद केल्यावर शिवणाचं मशीन मी खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकलं, हे तुला माहीतच आहे. हात रिकामे राहिले की मी तुझ्या बाबांच्या चुका काढत बसते. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण वाचनालयातल्या फोटोग्राफीच्या वर्गाचा कागद त्यांनीच आणून माझ्यापुढे ठेवला. आता तेच म्हणतात, म्हातारपणी हिला चाळे सुचलेत. सुचणारच. घरात फुकटचा मॉडेल असल्यावर मी बाहेर कुठे शोधायला जाऊ? त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलाय. वर्गात आम्ही मोजकेच आहोत. एक निवृत्त पोस्टमन आहेत, एक दातांची डॉक्टर आहे, बाकीची कॉलेजातली मुलं. शिकवणारी बाई तुझ्याहून लहान. पण ती मला आजी म्हणत नाही, ‘टेलरताई’ म्हणते, म्हणून ती मला पहिल्या दिवसापासून आवडली. त्याच दिवशी तिने सगळ्यांना कॅमेरे पिशवीत ठेवायला लावले. म्हणाली, कुठलं बटण कशाचं ते नंतर सांगते, आधी बघायला शिकू. मी मनात म्हटलं, मग काय गं बाई, इतकी वर्षं मी डोळे मिटून शिवत होते?

पण खरं सांगू, बघितलं नव्हतंच. पहिल्यांदा रेषा झाल्या. बाई म्हणाली, रेषा नजरेचं बोट धरून तिला कुठेतरी नेते, फक्त ती कुठे नेतेय ते आपण ठरवायचं. झालं! मला जिकडेतिकडे दोरेच दिसायला लागले. जिन्याचा कठडा, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, रस्त्यावरचे पांढरे पट्टे. मग आकार आले, तेव्हा मी तुझ्या बाबांचं टक्कल आणि त्यांच्या मागचं भिंतीवरचं घड्याळ एका फोटोत बसवलं. त्यावरून ते दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होते. पोत शिकताना मी कापड बेतायच्या टेबलाचा फोटो काढला. ते टेबल मी अजून विकलेलं नाही, आणि विकणारही नाही. त्याच्यावर सकाळचं तिरकं ऊन पडलं होतं. एरवी सपाट दिसणाऱ्या त्या लाकडावर किती काय उमटलंय! कात्रीचे ओरखडे, इस्त्रीचा तो एक काळा डाग, आणि कडेला तू सुईने कोरलेलं घर. तू टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात झोपायचीस आणि वर कात्री चालायची थांबली की जागी व्हायचीस. आवाजाने जागी होणारी पोरं खूप पाहिली, आवाज थांबल्यावर जागी होणारी तू एकटीच. लय शिकायला आम्हाला बाजारात सोडलं होतं. किल्लीवाल्याच्या भिंतीवर ओळीने किल्ल्या लटकत होत्या आणि मधलाच एक खिळा रिकामा होता. बाईंना तो फोटो आवडला. मी किल्लीवाल्याला विचारलं, इथली किल्ली कुठे गेली? तो म्हणाला, गेली असेल ताई आपल्या कुलपाकडे. हे सांगताना त्याने मानही वर केली नाही.

तोल शिकायची वेळ आली तेव्हा मात्र तुझ्या आईची वर्गात चांगलीच शोभा झाली. बाई म्हणाली होती, पुढच्या वेळी तोल साधलेले फोटो छापून आणा. मी म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ! दाराच्या दोन्ही बाजूंना सारख्या कुंड्या ठेवल्या, त्याही टेप लावून. दोन खिडक्यांच्या बरोबर मधोमध तुझ्या बाबांना उभं केलं, हात सरळ, पाय जुळवलेले. ते म्हणाले, अटक झाल्यासारखं वाटतंय. फोटो छापून आले. मग जायच्या आधी खात्री करून घ्यावी म्हणून मी काय केलं असेल? प्रत्येक फोटो मधोमध दुमडला, खिडकीशी धरला, डावी बाजू उजवीवर नीट बसते का ते पाहिलं आणि नखाने घडी पक्की केली. कापड आपण दुहेरी घालूनच बेततो ना, त्याशिवाय दोन्ही बाह्यांचे मुंढे सारखे कसे उतरणार? वर्गात बाईंनी माझे फोटो टेबलावर मांडले आणि सगळे वाकून बघायला लागले. प्रत्येकाच्या पोटातून उभी पांढरी चीर गेलेली, तुझ्या बाबांच्या तर नाकावरून. बाई बिचारी हळूच म्हणाली, टेलरताई, पाकिटात दुमडले का हो? तर पोस्टमनकाका तडकलेच, काही झालं की पोस्टाच्या माथी मारू नका! मग मी खरं काय ते सांगितलं. दातांची डॉक्टर इतकी हसली की तिच्याच दाढा मोजता आल्या असत्या. मीही हसले. न हसून सांगते कुणाला?

बाई मात्र हसली नाही. तिने हाताने घडी सपाट करायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, हाही तोलच आहे, ताई, सगळ्यात सोपा. दोन्हीकडे सारखं ठेवलं की काही पडत नाही. पण बागेत सी-सॉवर बाप आणि लेकरू बसतात तेव्हा काय होतं? बाप पुढे सरकून बसतो. दोन बाजू सारख्या होत नाहीत, तरी फळी आडवी राहते. तसा फोटो आणा, ज्याची घडी जुळणार नाही आणि तरी तो कलंडणार नाही. हे ऐकायला सोपं होतं गं! मी बाबांना डावीकडे बसवलं तर बाई म्हणाली, फोटो त्या बाजूला बुडतोय. उजवीकडे खुर्ची ठेवली तर म्हणाली, आता दोघांचं भांडण झाल्यासारखं दिसतंय. तुझे बाबा जाम वैतागले होते. शेवटी एकदा ते आपले कडेला पेपर वाचत बसले होते, अंधारात, मोठे, पाठमोरे. समोर पार दुसऱ्या टोकाला खिडकीत माझा चहाचा कप राहिला होता आणि ऊन नेमकं त्याच्यावर पडलं होतं. एवढासा कप, पण त्याने तुझ्या आडव्यातिडव्या बाबांना तोलून धरलं. मी फोटो दाखवला तर म्हणाले, म्हणजे माझी किंमत एका कपाएवढी! पण तो फोटो त्यांनी स्वतःच्या पाकिटात ठेवलाय. मी विचारलं तर नाही म्हणतात.

मग आम्हाला जोड्या करून एकमेकांचे फोटो काढायला सांगितले. माझ्या वाट्याला पोस्टमनकाका आले. त्यांनी घरी येऊन मला त्या कापड बेतायच्या टेबलापाशी उभं केलं आणि काही न सांगता मागून काढला फोटो. तो बघून मी चकितच झाले. माझा उजवा खांदा चांगलाच उतरलाय. इतकी वर्षं जड कात्री धरून उतरला असणार, पण मला कुणी सांगितलं नाही आणि आरशात मी बहुधा सावरून उभी राहत असेन. गंमत बघ, गिऱ्हाइकांचे खांदे मी जन्मभर पाहिले. दोन्हीकडे सारखा असा एकही माणूस माझ्याकडे आला नाही. कुणाचा खांदा खाली, कुणाचा एक हात लांब, कुणाची कंबर एका अंगाला कललेली. कोटाच्या आत कापसाचा जास्तीचा थर घालून मी ते गुपचूप झाकत आले, आणि माणसं आरशात बघून खूश होऊन गेली. तो फोटो बघताना पहिल्यांदा माझ्या मनात आलं की या बाईच्या खांद्याला काहीही लावायची गरज नाही. ती बाई मला आवडली. एकदम ओळखीची वाटली. तुझी आजी मागून अशीच दिसायची.

आता तुझ्याबद्दल. तुझं ते दुखणं आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं काही आठवड्यांत पूर्ववत होतं. तुझं बरंचसं झालं, सगळं नाही झालं. डावा ओठ खालीच राहिला आणि तो डोळा जरा उशिरा मिटतो. मी तुझ्या गालाला मालीश करायचे तेव्हा मनात शिंपीणच जागी असायची. वाटायचं, इथे थोडं आत घ्यावं, तिथे थोडं सोडावं, की बसेल. शिवणकाम असतं तर उसवून पुन्हा शिवलं असतं गं. तू औषधांच्या दुकानात मास्क लावून उभी राहतेस, तिथे कुणी काही विचारत नाही, हे तुझ्या पथ्यावरच पडलंय. घरात फोटो निघायला लागले की तू कॅमेरा स्वतःच्या हातात घेतेस. म्हणून ठकीच्या वाढदिवसाच्या फोटोंत आम्ही सगळे आहोत, अगदी शेजारची मांजरसुद्धा आहे, आणि तू नाहीस. तुला वाटतं बघणाऱ्याची नजर आधी तुझ्या ओठाकडे जाते. जाते. खोटं कशाला सांगू? बाई म्हणते, जे वेगळं असतं तिथे नजर आधी जाणारच, तो नजरेचा स्वभाव आहे. पण ती तिथे मुक्काम करत नाही. ती पुढे सरकते, आणि तुझ्या चेहऱ्यावर ती तुझ्या डोळ्यांत जाऊन थांबते. मी पाहिलंय. मागच्या महिन्यात जावईबापू कामानिमित्त बाहेर होते आणि मी तुझ्याकडे राहिले, तेव्हा मी दुसरं काहीच केलं नाही, तुलाच बघत होते. तू ठकीला भरवताना हसतेस तेव्हा एक बाजू वर जाते आणि एक तिथेच राहते. मला तो चेहरा कुठेही कललेला दिसला नाही. सुंदर दिसलीस. आई आहे म्हणून म्हणत नाहीये, आणि आई म्हणून म्हटलं असलं तरी काय बिघडलं?

त्याच मुक्कामात एक घडलं, ते मी तुला तेव्हा सांगितलं नाही, माझ्याने सांगवलं नाही, आणि खरं म्हणजे हे पत्र त्यासाठीच आहे. तू कामावर गेली होतीस. ठकी माझ्या मांडीवर बसून फोनमधले फोटो बघत होती. एकेकावर बोट ठेवून नावं घेत होती. बाबा. आबा. आजी. माऊ. मग तुझा फोटो आला, तिच्या जन्माआधीचा, मी शिवलेल्या निळ्या ड्रेसमधला, तोंड भरून हसतानाचा. आम्हा सगळ्यांचा लाडका. मी म्हटलं, आणि ही कोण? तिने बराच वेळ पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, ‘मावशी.’ रस्त्यात दिसणाऱ्या कुठल्याही बाईला म्हणते तसं. मी पुन्हा विचारलं, तर वैतागून पुन्हा तेच. तेवढ्यात दाराचं कुलूप वाजलं, तू आत आलीस, मास्क काढलास, आणि ती मला ढकलून ‘आई’ म्हणून ओरडत तुझ्याकडे धावली. भिंगरे, ज्या चेहऱ्याची तू इतके दिवस वाट बघतेयस, तो तिच्या ओळखीचाच नाही. तिची आई हीच आहे, आत्ताची, आणि तिच्या या आईचा जगात एकही फोटो नाही. उद्या ती मोठी होऊन विचारेल, मी लहान होते तेव्हा आई कशी होती? तेव्हा आपण तिला त्या मावशीचा फोटो दाखवायचा का? मी रविवारी येतेय. कॅमेरा आणतेय, पण तू हो म्हणेपर्यंत तो पिशवीतून बाहेर काढणार नाही. फोटो मी कुणाला दाखवणार नाही, वर्गात नेणार नाही. तो ठकीचा असेल. तिच्यासाठी एकदा माझ्यासमोर बस, बाळा.

रविवारपर्यंत आणि त्यानंतरही तुझीच,
आई