सातव्या गाण्यातला थांबा

२ सप्टेंबर, शनिवार
तीन लिफ्ट तपासल्या. दोन पास, एकीला शेरा (तळमजल्यावर अर्धा इंच खाली थांबते). दुपारी केस कापले. संध्याकाळी कपाटाची किल्ली शोधताना हिच्या पर्समध्ये शनिवारच्या बँडचा सीझन पास सापडला. पाच शनिवार, पाच चौकोन, सगळे कोरे. मार्चमध्येच काढून ठेवलेला. हिला घाई फार. हिला जाऊन पाच महिने होतील.

ही रोजनिशी लेकीने घ्यायला लावली. म्हणाली, बाबा, बोलत नाही तर निदान मनातलं लिहा तरी. माझ्या मनात विशेष काही नाही. तरी लिहितो.

३ सप्टेंबर, रविवार
पास वाया जाऊ नये. शनिवारी जाणार.

हा बँड म्हणजे एका परदेशी रॉक बँडची नक्कल करणारी चार माणसं. तोच वेश, तीच गाणी, तोच क्रम. मूळ बँडच्या एका जुन्या लाइव्ह रेकॉर्डवरून सगळं उचललेलं. ही आणि माझी मेहुणी सहा वर्षं दर शनिवारी जायच्या. मी कधी गेलो नाही. मला या संगीतात रस नाही. ते रेकॉर्ड हिने सत्तावीस वर्षं दर रविवारी सकाळी लावलं, त्यामुळे पाठ आहे, एवढंच.

जिवंत कार्यक्रमाची नक्कल जिवंत असू शकते का, असा प्रश्न आहे. माझं मत, नाही. पण मत वेगळं आणि तपासणी वेगळी. पाच भेटी, मग अहवाल. मागे बसायचं. कुणाशी बोलायचं नाही. भावनेच्या आहारी जायचं नाही.

९ सप्टेंबर, शनिवार, संध्या. ८.४०
हॉल फर्निचरच्या दुकानाच्या वर. खुर्च्या नाहीत! खाली अडीचशे खुर्च्या विकायला आणि वर बसायला एक नाही. दोन तास उभा.

मेहुणी भेटली. भाऊजी, तुम्ही? वाट चुकलात का, म्हणाली. मी म्हटलं, तपासणीला आलोय. ती म्हणाली, अगंबाई, इथे लिफ्ट कुठाय? मेहुणीही एप्रिलनंतर आजच आली.

निरीक्षणं :
१. गायकाचा विग. तिसऱ्या गाण्यात पार्किंगमधल्या स्कूटरसारखा तिरका.
२. गायकाचं पोट. मूळ गायकाला नव्हतं.
३. गिटारवाला गाण्यांच्या मध्ये पाणी पितो. रेकॉर्डवर पाणी प्यायल्याचा आवाज नाही.
४. गंभीर. सातव्या गाण्यात मध्येच सगळं थांबतं. रेकॉर्डवर हा थांबा दोन सेकंद. त्यात प्रेक्षकांतली कोणी बाई काहीतरी ओरडते आणि ड्रम सुरू होतो. इथे थांबा सहा सेकंद, बाई नाही. चौघे नुसते डावीकडच्या खांबाकडे बघत उभे. तालमीचा अभाव.
५. स्टेजवर धूर फार. नेमक्या त्या थांब्यात मेहुणीने डोळे पुसले. माझेही चुरचुरले.
६. एसी गरजेपेक्षा जास्त. हिचा घसा दर शनिवारी बसायचा, त्याचं कारण सापडलं. मी परतायच्या वेळी कोमट पाण्यात मीठ घालून ठेवायचो आणि थंड पिऊ नकोस म्हणायचो. ही मान डोलवायची. बोलायला आवाजच नसायचा.

१० सप्टेंबर, रविवार
खात्री करायला रेकॉर्ड लावलं. स्टॉपवॉच घेऊन सातवं गाणं नऊ वेळा. थांबा दोन सेकंदच. लेकीचा फोन आला तेव्हा दहावी वेळ चालू होती. बाबा, तुम्ही रॉक ऐकताय, असं तिने तीनदा विचारलं. मी म्हटलं, ऐकत नाही, मोजतोय.

१२ सप्टेंबर, मंगळवार
बँडला रीतसर पत्र. दोन पानं, सहा मुद्दे. शेवटी ऑफिसच्या नमुन्याप्रमाणे लिहिलं, वरील त्रुटी दूर करून पूर्तता कळवावी. मुद्दा चारखाली दोन रेघा.

१६ सप्टेंबर, शनिवार
विग सरळ. गिटारवाला पाणी प्यायला नाही, शेवटी शेवटी त्याच्याकडे बघवेना. पत्राचा परिणाम. पण थांबा सात सेकंद! सुधारायचा सोडून वाढवला.

मेहुणीशी वाद. ती म्हणाली, भाऊजी, तुमचा तो ओरिजिनल बँड या हॉलमध्ये कुणी पाहिलाय? आमचा ओरिजिनल हाच. मी म्हटलं, नक्कल ती नक्कल. ती म्हणाली, मग मागच्या दोन गाण्यांत तुमचा पाय काय करत होता? मी म्हटलं, मुंग्या आल्या होत्या.

१८ सप्टेंबर, सोमवार
उजवी दाढ दुखते. ऑफिसजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो. तोंड उघडून पडल्यावर वर पाहिलं. डोक्यावर एक केस नाही, पण आवाज ओळखीचा. गायक!

त्यानेही ओळखलं. अहो, पत्रवाले काका तुम्ही, म्हणाला. आम्ही तालमीत मोठ्याने वाचलं. विगला आता चार पिना लावतो. पोटाचं बघतो. पण मुद्दा चार आमच्या हातात नाही.

माझ्या तोंडात कापूस, नळी आणि त्याची दोन बोटं. तो बोलत राहिला. म्हणाला, रेकॉर्डमध्ये ती बाई ओरडते ना, तशी आमचीही एक होती. डाव्या खांबाजवळ उभ्या राहायच्या. आम्ही त्यांना सात नंबरच्या काकू म्हणायचो. सहा वर्षं, दर शनिवारी, त्या थांब्यात हॉल हलेल असं ओरडायच्या, थांबू नका रे! की आमच्या ड्रमरचा हात खाली. काका, रेकॉर्डमधली बाई एकदाच ओरडली, ती पण चाळीस वर्षांपूर्वी. आमची दर शनिवारी ताजी. आम्ही कसंही वाजवलं तरी त्या क्षणी खरे वाटायचो. आता एप्रिलपासून येत नाहीत. ड्रमरचा हात वरच राहतो. सवय, दुसरं काय! बदली झाली असेल. नाहीतर नवऱ्याने बंद केलं असेल. नवरा म्हणे फार शिस्तीचा, एकदाही फिरकला नाही.

तोंडात कापूस होता. काढला तेव्हा विषय हिरड्यांवर गेला होता.

फिलिंग चांगलं केलंय. दोन तास काही खायचं नाही.

तर घसा त्यामुळे बसायचा. घरात ही टीव्हीचा आवाजसुद्धा माझ्यासाठी कमी करायची.

१९ सप्टेंबर, मंगळवार
त्रुटी कळली, उपायही साधा. प्रेक्षकांतून एक आवाज कमी आहे. तो मी भरून काढणार. यात भावनेचा प्रश्न नाही, पूर्ततेचा आहे. तीन शब्द. मी गच्च भरलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढलेली आहेत.

सराव, बाथरूममध्ये, सकाळी ७.१०. पहिला प्रयत्न : आवाज आला नाही. दुसरा : आला, पण शेवटी प्रश्नचिन्ह लागलं. तिसऱ्याला खालच्या मजल्यावरचे शेजारी वर आले. म्हणाले, नळाचं काम काढलंय का? थांबू नका असं ऐकू आलं. मी म्हटलं, काम झालं.

२१ सप्टेंबर, गुरुवार
रिकामी, बंदिस्त जागा हवी. आज नऊ मजली इमारतीत तपासणीच होती. चौथा आणि पाचवा मजला यांच्यात लिफ्ट चालू असताना पोट आत घेऊन ओरडलो, थांबू नका रे! आवाज उत्तम. शाफ्टमध्ये फारच उत्तम. पाचव्या मजल्यावर थांबलेली सहा माणसं जिन्याने गेली. लिफ्टमध्ये दुपारपर्यंत कोणी पाऊल ठेवलं नाही. वॉचमन धावत आला, म्हणाला, साहेब, तुम्हीच अडकलात तर आम्ही बोलवायचं कुणाला?

तयारी पूर्ण. शनिवारी यश निश्चित.

२३ सप्टेंबर, शनिवार
डाव्या खांबाजवळ उभा राहिलो. खांबाचा रंग एका ठिकाणी खांद्याच्या उंचीवर गेलाय. हिच्या खांद्याच्या.

सातवं गाणं. थांबा. मी तोंड उघडलं. बाहेर पडलं, एक्स्क्यूज मी.

समोरच्या माणसाला वाटलं, मला जायचंय. त्याने वाट दिली. त्याच्या पुढच्यानेही दिली. एवढी वाट केल्यावर न जाणं वाईट दिसलं असतं, म्हणून गेलो. वाट स्वच्छतागृहाकडे निघाली. गाण्याचा उरलेला भाग तिथून ऐकला. आवाज स्पष्ट येतो.

अपयश म्हणता येणार नाही. आवाज फुटला, हे मुख्य. शब्द दुरुस्त करता येतात.

२६ सप्टेंबर, मंगळवार
सराव केला नाही. अतिसराव वाईट.

३० सप्टेंबर, शनिवार
पुन्हा खांबाजवळ. थांबा आठ सेकंद. दोनपर्यंत श्वास, तीनला हिंमत, चारला ओरडायचं, असं ठरवलं होतं. चारला मेहुणीने माझ्याकडे पाहिलं. सगळं कळलेलं असतं तसं पाहिलं. मग कसं ओरडणार? पाच, सहा, सात, आठ. ड्रमर बिचारा हात वर धरून. शेवटी मागे कुणाच्या तरी हातातून बाटली पडली आणि तो दचकून सुरू झाला.

कार्यक्रमानंतर डॉक्टर खाली उतरून आला. मेहुणीने सांगितलं असावं. समोर येऊन त्याने टोपी काढावी तसा विग काढला. त्यातून दोन पिना पडल्या. म्हणाला, काका, त्या तुमच्या... आणि मी तुमच्या दाढेत बोटं घालून नवऱ्याबद्दल काय काय बोललो! मी म्हटलं, फिलिंग छान बसलंय.

मग म्हणाला, काका, तो थांबा आम्ही त्यांच्यासाठी ठेवत होतो. पण तुम्हाला त्याचा त्रास होत असेल. तुमचं पत्रही तेच म्हणतं. पुढच्या वेळेपासून रेकॉर्डसारखा दोन सेकंदांचा करू का?

मला म्हणायचं होतं, नको. मी म्हटलं, तुमच्या सोयीनं.

घरी येताना मेहुणी रागावली. म्हणाली, भाऊजी, तुमच्या या सोयीनं सोयीनं करण्यात ताईने सत्तावीस वर्षं काढली. मी म्हटलं, तिला गैरसोय झाली का? ती म्हणाली, नाही हो, तेच तर. तिचं म्हणणं, घरात एकाने तरी शांत असावं, म्हणजे दुसऱ्याला ओरडायला बाहेर जाता येतं.

२ ऑक्टोबर, सोमवार
डॉक्टर थांबा कमी करणार नाही. 'तुमच्या सोयीनं' याचा अर्थ 'नको' असाच होतो, कोणालाही कळेल. फोन करून स्पष्ट करायची गरज नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार
फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, दुखणं काय आहे? मी म्हटलं, काही नाही. तिने सहा महिन्यांनंतरची तपासणी लिहून घेतली.

६ ऑक्टोबर, शुक्रवार
उद्या शेवटचा चौकोन. चौथ्या सेकंदाला, मेहुणीकडे न बघता. लिफ्टमध्ये झालंय म्हणजे हॉलमध्ये होणारच. यंत्र एकच, जागा वेगळी.

८ ऑक्टोबर, रविवार
काल विग सरळ होता. पोट आत बांधलेलं होतं. धूर बेताचा. सातव्या गाण्यात सगळं थांबलं. मी श्वास घेतला. एक. दोन. आणि ड्रम सुरू झाला.

अगदी दोन सेकंद. रेकॉर्डबरहुकूम.

पण श्वास भरलेला होता, तो ठेवणार कुठे? ओरडलो. थांबू नका रे! लिफ्टमध्ये ओरडलो होतो त्याच्या दुप्पट. गिटार-ड्रम-स्पीकरच्या आवाजाखाली ते गेलं. समोरच्या माणसाने मागे वळूनही पाहिलं नाही. मग पुढची चारही गाणी ओरडत राहिलो, थांबा नव्हता तिथेही. मेहुणी शेजारीच होती. तिला फक्त माझं तोंड हलताना दिसलं. तिला वाटलं, गाणं म्हणतोय. फार बरं वाटलं म्हणाली.

अहवाल पूर्ण केला. त्रुटी : शून्य. मूळ कार्यक्रमाशी तंतोतंत जुळतं. निष्कर्षाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचलं नाही, तो कोरा ठेवला. पास कपाटात ठेवला. पाचही चौकोन पंच.

सकाळी लेकीचा फोन आला. आवाज फुटेना. बाबा, कुणावर ओरडलात का, म्हणाली. ती हसत होती. मी खुणेने नाही म्हटलं, मग फोन आहे हे लक्षात आलं. एसी, एवढंच कसंबसं म्हणालो.

फोन ठेवला. पाणी कोमट केलं, अर्धा चमचा मीठ घातलं, आणि बेसिनपाशी उभं राहून गुळण्या केल्या.