जेवलास का विचारणारी खुनी

आई,
इथूनच पाया पडतो.

आम्ही तिघं बनवतोय तो खून-रहस्याचा विनोदी व्हिडिओ गेम पुरा होत आलाय. खोली उबदार आहे, खुर्ची तेवढी डुगडुगते. काळजी नको.

गेममधला खून एका काकूने केलाय. गुप्तहेराने काहीही विचारलं की ती म्हणते, "ते राहू दे, आधी जेवलास का सांग." तुझंच वाक्य ढापलंय. खेळून बघणारे सगळे फसले, तिच्यावर कोणी संशयच घेईना! आमची चित्रकार पोट धरून हसली. मला मात्र तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

गेल्या तीन फोनांत मी तुझ्या तपासणीचं विचारलं. तिन्ही वेळा तू हेच म्हणालीस. म्हणून हे पत्र.

मी जेवलोय, आई. रिपोर्टमध्ये काय आलं?

उत्तरासाठी खोळंबलेला,
तुझा धाकटा