वाळलेले टोळ

मौदा, ता. २ फेब्रुवारी १९४१

ती. यमुताईले मुकुंदाचा सा. न. वि. वि. (नमस्कार एकाच हातानं, दुसऱ्या हाती उसाचं कांडं आहे.)

तुझं पत्र भेटलं. मायले वाचून दाखवलं तं माय म्हणते, हे आपल्या यमूचं नाहीच, कोण्या दुसऱ्या बाईनं लिहून देल्लं. 'मला' काय, 'तुला' काय, 'कशासाठी' काय! मी म्हटलं, माय, ते बी. टी. करून राहिली, पोरायले शिकवावं कसं तेच शिकून राहिली, म्हून जिभेले इस्त्री केली. बाबाजी हासले. मायले काही हासू आलं नाही.

मले आपली गाईच्या कोठ्यातली शाळा आठवते वं. तू मास्तरीण, मी अन् शेजारची जयवंता विद्यार्थी, अन् कपिलेचं वासरू मॉनिटर. मी दर गोष्टीत काहून-काहून करत होतो, अन् तू मले वासराजवळ उभं करत होती. पण जबाब देल्ल्याशिवाय कधी राहिली नाही. खऱ्या शाळेत मी सातवीत दोनदा आपटलो. पास झालो तो तुझ्याच कोठ्यात.

लोभ आहे तेवढा ठेव, इस्त्रीत जाळू नको.

तुझा मुकुंदा


नागपूर, ता. ७ फेब्रुवारी १९४१

चि. मुकुंदास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. जिभेला इस्त्री मी हौसेने केलेली नाही. शाळेत घेतलेल्या मागच्या सराव-पाठात माझ्या तोंडून 'मले' निघाले. वर्गातल्या धंतोलीच्या शहरी मुली तोंडाला पदर लावून हसल्या आणि आमच्या प्राध्यापिका उत्तराबाईंनी शेऱ्यात लिहिले की, भाषा ग्रामीण, सुधारणा न झाल्यास पाठ नापास. आता सतरा तारखेला शेवटचा पाठ आहे, बाहेरचे परीक्षक येणार. तो गेला तर वर्ष गेले, आणि बाबाजींनी मला एकाच वर्षाची परवानगी दिली आहे, हे तुला ठाऊक आहे. म्हणून आता पत्रेदेखील मी शुद्धच लिहिते. सवय मोडता कामा नये.

तुझ्याकडे एक काम आहे. पाठात नुसते चित्र पुरत नाही, खरी वस्तू दाखवावी लागते. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' जावे, असे आम्हांला पहिल्या दिवसापासून घोकवतात. म्हणजे मुलांना जे माहीत आहे तिथून सुरुवात करायची. तर मला दहा-बारा टोळ पाठव. वाळलेले चालतील. कापसात जपून ठेव, मोडू देऊ नकोस. आणि या वेळी चेष्टा नको. मॅट्रिकच्या वर्षी माझ्या कंपासपेटीतून निघालेली बेडकी मी विसरलेली नाही.

मायला नमस्कार सांग. तुझ्यावर माया आहे, ती परीक्षेला बसवू नकोस.

तुझी ताई यमुना


मौदा, ता. १५ फेब्रुवारी १९४१

(डब्यातली चिठ्ठी)

ती. ताईले नमस्कार. शेजारचे नत्थूजी उद्या नागपूरले बैल पाहाले जाऊन राहिले, त्यायच्या हाती डबा देल्ला. तू सांगतल्याप्रमाणे वाळलेले टोळ आहेत. मायनं स्वता निवडले, एकेक पदरानं पुसला. कापूस आपल्याच वावरातला. गळ्याची आण घेऊन सांगतो, याच्यात उड्या मारणारं काहीच नाही.

लोभ वाढव, मार्कं वाढतीन.

मुकुंदा


नागपूर, ता. १७ फेब्रुवारी १९४१

मुकुंद,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही.

डबा काल संध्याकाळी मिळाला. कापडात शिवलेला होता. या वेळी तू चेष्टा करणार नाहीस असे धरून मी तो वसतिगृहात उसवला नाही. म्हटले, वर्गात उसवू, म्हणजे आतले टोळ तरी धड राहतील. आज फळ्यावर मी टोळाचे मोठे चित्र काढले होते, सहा पाय, दोन जोड्या पंख. मागे उत्तराबाई आणि परीक्षक गोपाळराव वह्या उघडून बसले होते. मी ऐटीत विचारले की, टोळाला किती पाय असतात, आणि डब्याची शिवण उसवली. टेबलावर काय घरंगळले? मोहाच्या बिया! तपकिरी, गुळगुळीत, तेलकट. एक तर थेट परीक्षकांच्या बुटापर्यंत गेली. मग मागच्या बाकावरची प्रेमिला, बेसा गावाहून चालत येणारी, उभी राहून म्हणाली की, बाई, टोळाले पाय नसतेत जी. सगळा वर्ग हसला. नंतर मी काय बोलले, कसे बोलले, मला काहीच आठवत नाही. घंटा झाली. उत्तराबाई माझ्याकडे न पाहता निघून गेल्या.

निकाल शनिवारी आहे. बेडकीने माझी कंपासपेटी बाटवली होती. या वेळी तू माझे वर्ष घेतलेस. उत्तर लिहू नकोस.

यमुना


मौदा, ता. २० फेब्रुवारी १९४१

ती. ताईले सा. न. वि. वि.

नको लिहू म्हटलं तरी लिहून राहिलो. बेडकी माझी होती. बाबाजीच्या जोड्यातली भेंडी माझी होती. नत्थूजीच्या पागोट्यातलं खाजकुयलीचं पानही माझंच. पण टोळ? ताई, या खेपेले मी जन्मात पहिल्यांदा सरळ वागलो अन् तेच अंगावर आलं!

तू टोळ धाड म्हटलं, मी टोळ धाडले. पिकावर उडते तो तुझ्या पुस्तकातला टोळ असंन, आपल्या घरी त्याले नाकतोडा म्हणतेत, अन् टोळ म्हंजे मोहाची बी. तू नाकतोडे लिहिलं असतं तं मी पोतंभर धरून आणले असते, जित्ते! टोळ म्हटल्यावर माह्या डोळ्यापुढं एकच आलं. कन्हानच्या काठचा मोह, खाली आपण दोघं. तू ओटीत वेचत होती, मी तुह्या ओटीतून चोरत होतो. मंग माय तेल काढे, अन् थंडीत तुह्या फुटलेल्या टाचायले तेच चोळे. तो वास साऱ्या घरभर. मायनं मडक्यातून ते टोळ काढले तवा म्हणे, पोरीले शहरात घरची आठवण आली वाट्टे.

तू टोळ हा शब्द विसरली, याचंच मले जास्त लागलं. नापास झाली तं मी स्वता येतो, अन् त्या परीक्षकापुढं कान धरून उभा राहतो. वासराजवळ उभं राहाची सवय आहेच.

लोभ नसला तरी राग तं ठेव, तोही आपलाच.

मुकुंदा


नागपूर, ता. २४ फेब्रुवारी १९४१

चि. मुकुंदाले पोटभर आशीर्वाद.

पास झाली गा, मुकुंदा! भाषेचे मार्कं उत्तराबाईनं सारे कापले, तरीबी पास झाली.

तुह्या पत्रानं मले सारं आठवलं. प्रेमिला बोलली अन् माह्या तोंडातून निघून गेलं, काहून नसतेत वं? मंग काय, सारे हात वर! येरवी 'का' विचारलं तं वर्गात चिडीचूप राहे. एक म्हणे, टोळ झाडाले लागते. दुसरी म्हणे, माही आजी सांगते, टोळ आले अन् जवारी खाऊन गेले, मंग त्यायले तोंड असंनच. भांडणच लागलं. मी चित्राजवळ मोहाची बी ठेवली अन् म्हटलं, नाव एक, जीव दोन, आता मले सांगा फरक काय. त्यायनंच पाय मोजले, पंख मोजले. बीपासून टोळापर्यंत गेल्या पोट्ट्या, मी नुसती मागं-मागं. तो 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' माह्या वहीत वर्षभर पडून होता, त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. अन् सारं मी आपल्या बोलीत बोलली, हे मले उत्तराबाईच्या शेऱ्यावरून समजलं.

जाता-जाता परीक्षकानं बुटाजवळची बी उचलली, नाकाशी नेली, अन् हळूच विचारलं की, घरी अजून तेल काढून राहिले का. त्यायचं गाव साकोलीकडचं. बी खिशात टाकून गेले.

तू खरंच सरळ वागला, हे लिहून दे म्हणशीन तं देते. पण कोणाले दाखवू नको, कोणी मानणार नाही.

मायले सांग, मले टाचायले तेल पाहिजे.

तुही यमू


मौदा, ता. २७ फेब्रुवारी १९४१

ती. ताईले दोन्ही हातायचा सा. न. वि. वि.

पत्र मायले वाचून दाखवलं. पास झाल्याचं ऐकून बाबाजी गूळ आणाले उठले. माय जागची हालली नाही. शेवटच्या ओळीवर मले थांबवलं अन् म्हणे, पुन्हा वाच. मी वाचलं, मायले सांग, मले टाचायले तेल पाहिजे. पुन्हा वाच म्हणे. तिसऱ्यांदा मी चेष्टेनं 'मला' वाचलं, तं मायनं पाठीत धपाटा हाणला. अक्षर येत नाही तिले, पण तो 'मले' कागदावर कुठं आहे ते बोटानं दाखव म्हणे. दाखवला.

मंग उठली अन् मडक्यातले उरलेले टोळ घाण्यावर नेऊ देल्ले नाही. यमूच्या शाळेत लागतीन म्हणे.

तेलाची शिशी नत्थूजीजवळ देल्ली आहे. खुशाल उघड, आत फक्त तेल आहे.

मुकुंदा