बॉयलर पेटण्यापूर्वी आवृत्ती सात लागू होण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक (प्रशासन),
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय: बॉयलर सुरू करण्याच्या सूचनापत्रकाची आवृत्ती सात सोमवारपूर्वी मंजूर करण्याबाबत.

संदर्भ: अर्जदाराचे याच विषयावरील यापूर्वीचे अर्ज, व त्यांच्या उत्तरादाखल मिळालेले एक कपाट.

महोदय,

१. अर्जदार कारखान्याच्या दस्तऐवज कक्षात काम करतो. यंत्रांच्या सूचनापत्रकांत कोणी, कधी, काय बदलले याची नोंद ठेवणारा डेटाबेस त्यानेच बांधला. त्याआधी एकाच पंपाची वेगवेगळी पत्रके वेगवेगळ्या भिंतींवर असत आणि ज्याला जे सापडेल ते तो खरे मानी. आता जुनी आवृत्ती पुसता येत नाही, नवी आवृत्ती तपासनीसाच्या मंजुरीशिवाय लागू होत नाही, आणि बदल करणाऱ्याला स्वतःचा बदल मंजूर करता येत नाही. या शेवटच्या नियमासाठी आपण भर सभेत अर्जदाराची पाठ थोपटली होती.

२. आवृत्ती सहा टाइप करताना दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली. आधी निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडून पाइपात साचलेले पाणी काढायचे, मग वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. पत्रकात नेमके उलटे आहे. तसे केल्यास वाफ ते पाणी रेटत नेते, पाणी वळणावर आदळते आणि पाइप फुटतो. तत्कालीन तपासनीसांनी निवृत्तीच्या दिवशी, निरोपाच्या गडबडीत ते मंजूर केले. चूक दिसताच अर्जदाराने आवृत्ती सात तयार केली. परंतु रिक्त पदाचा कार्यभार आपण अर्जदाराकडेच दिला. परिणामी तो आपल्याच दुरुस्तीसमोर हात बांधून बसला आहे आणि बॉयलरघरातल्या पडद्यावर आवृत्ती सहा झळकते आहे.

३. याबाबत वारंवार अर्ज केले. परंतु आपल्या आदेशाने अर्जही डेटाबेसमध्येच घेतले जातात, आणि अर्जदाराचा प्रत्येक नवा अर्ज जुन्याची पुढची आवृत्ती ठरून तपासनीसाच्या, म्हणजे अर्जदाराच्याच, मंजुरीसाठी अडकतो. आपल्या पडद्यावर अजून त्याचा शेवटचा मंजूर अर्जच दिसतो, ज्यात त्याने कपाट मागितले होते. कपाट आले. पुढच्या अर्जानंतर त्याची किल्लीही आली. म्हणून हा अर्ज कागदावर, हाती आणून देत आहे.

४. मागच्या वेळी बॉयलर सुरू केला तेव्हा पाळीवर अर्जदाराची धाकटी बहीण होती. तिने व्हॉल्व्ह योग्य क्रमाने उघडले आणि पडद्याविरुद्ध वागल्याबद्दल तिला मेमो मिळाला. ती घरी म्हणाली, "दादा, मी बरोबरच करीन रे. पण मला हटवून दुसऱ्याला उभं केलं तर? तो बिचारा वाचेल तसंच करणार ना?" आज दुपारी तेच झाले. सोमवारी बॉयलर पेटेल तेव्हा मुख्य व्हॉल्व्हवर नवा ऑपरेटर असेल आणि बहिणीला खाली, पाइपाच्या वळणाशी, निचऱ्यावर नेमले आहे. तिने निचरा आधी उघडला तरी पाणी निघेपर्यंत वरचा ऑपरेटर थांबणार नाही; पडद्यावर त्याचा व्हॉल्व्ह पहिला आहे. नव्या ऑपरेटरला तोंडी सांगून पाहिले. तो म्हणाला, "तुमचं पटतं हो, पण मेमो मला येईल." त्याचेही चुकले असे म्हणवत नाही. अर्जदाराला भीती वाटते. हे अर्जात लिहायचे नसते, तरी लिहिले आहे.

५. तरी तपासनीसाचा कार्यभार अर्जदार सोडून अन्य कोणाकडेही द्यावा. आपली एक सही पुरेशी आहे. सही न आल्यास, डेटाबेसचा सर्वाधिकार पासवर्ड अर्जदाराकडे आहे. तो वापरून अर्जदार तो नियम काढून टाकील आणि स्वतःची आवृत्ती स्वतःच मंजूर करील. हा शिस्तभंग आहे, याची त्याला पूर्ण जाणीव आहे. त्याची नोंद त्याच्या नावानिशी कायम राहील. ती पुसण्याची सोय त्याने मुद्दामच ठेवलेली नाही.

सोमवार सकाळपर्यंत आपला आज्ञाधारक,

(सही)
दस्तऐवज कक्ष
शुक्रवार, कार्यालय सुटण्यापूर्वी

सोबत: आवृत्ती सहा व सात, बहिणीचा मेमो, अर्जदाराचा राजीनामा (तारीख आपण घालावी), कपाटाची किल्ली.