शेठच्या खांद्यावरचा विंचू

नाही म्हणजे नाही, पुंजाराममामा. शाळेत अहिराणी शिकवा म्हणून तुम्ही जो अर्ज काढलाय त्यावर माझी सही मिळणार नाही, हे मी दिवाळीतच सांगितलं होतं. तरी कागद पुन्हा धाडलात. असो. दंडवत घ्या. गुडघा कसा आहे? मामींचं तेल लावता का, की तेही अर्जाच्या धावपळीत राहून गेलं? (पत्र मराठीत आहे म्हणून टोमणा मारू नका. आपली बोली बोलता येते, लिहायची कशी ते मला कुणी दाखवलंच नाही.)

माझं म्हणणं साधं आहे. इथं पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये बागलाणचे आम्ही दोघंच, मी आणि भिकन. आम्ही महेश शेठसमोर उभं राहून आपल्या बोलीत शेठबद्दलच बोलतो, सुट्टी कोणत्या दुखण्यावर काढायची तेही तिथंच ठरवतो, आणि शेठ बिचारा फोन बघत बसतो. उद्या ही भाषा पुस्तकात आली, की शेठची पोरगीसुद्धा शिकेल. मग आम्ही बोलायचं कशात?

बरं, मी डोळे झाकून विश्वास ठेवणारा नाय. शेठ मधेच गालात हसायचा, म्हणून आम्ही परीक्षा घेतली. द्राक्षं निवडता निवडता भिकन हळूच म्हणाला, "शेठना खांदावर इच्चू शे." शेठची पापणी हलली नाही. आम्ही निर्धास्त. इतके, की पुढे हा रोजचा खेळच झाला.

मागच्या आठवड्यात शेठची आई भिमाबाई नाशिकच्या फ्लॅटवरून पॅकहाउस बघायला आली. भिकनने सवयीने विंचू सोडला. म्हातारीने पायातली चप्पल काढली आणि शेठच्या खांद्यावर अशी हाणली की मोबाइल थेट द्राक्षांच्या क्रेटमध्ये. वर विचारते, "इच्चू कोठे गया रे?"

तर मामा, शेठ आपल्या बागलाणातल्याच नामपूरचा निघाला. माझे सगळे ताप आणि भिकनची दोनदा वारलेली आत्या, सगळं त्याला पहिल्यापासून कळत होतं. म्हणाला, व्यापाऱ्यांत गावठी ठरायला नको म्हणून बोली सोडली. घरी आईलाही बोलू देत नाही. नात साक्षीला आजीचं निम्मं बोलणं समजत नाही.

आता भिमाबाई रोज त्याच्या गाडीतून येते आणि आमच्याजवळ पालथ्या क्रेटवर बसते. शेठने हेर बसवलाय, असं भिकनचं मत. मलाही लय संशय आला. मी तिच्यासमोर तोंडच उघडत नव्हतो. तेव्हा ती म्हणाली, "बोल ना रे भाऊ. घरमा कोनी बोलत नही." हेर असं बोलेल का? बोलेलही. मी अजून जपूनच आहे. (काल फक्त जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोललो.)

तुमचा भाचा,
योगेश

ता. क. सही केलेला कागद सोबत आहे. खालचा अंगठा भिमाबाईंचा. मला पटलं असा अर्थ काढू नका.

आणखी एक. पुस्तक निघालंच तर पहिलं साक्षीसाठी इकडे पाठवा. शिव्या मात्र त्यात घालू नका, तेवढ्या आमच्याकडे राहू द्या. वर्गणीचे पाचशे माझे. भिमाबाईंनी पदराची गाठ सोडून त्यावर रुपया ठेवला, ते नाणं मी ठेवून घेतलंय. फोनवरून पाठवतोय रुपये पाचशे एक.